सोलापूरचा उन्हाळा, जूनची चिकचिक आणि बेभरवशाचा एसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात उन्हाळे दोन. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा: शिवरात्रीनंतर चढत जाणारा, एप्रिल-मेमध्ये 42-43 अंशांवर ठाण मांडणारा, ओठ फोडणारा, कोरडा. दुसरा येतो रोहिणी नक्षत्राच्या आसपास, म्हणजे 25 मेच्या सुमाराला. वळवाची एखादी सर येऊन जाते, पारा उतरतो, आणि घरात मात्र बसवत नाही. पहिल्या उन्हाळ्यात जे उपाय चालतात त्यातले निम्मे दुसऱ्यात उलटतात, आणि एसीचे बहुतेक रुसवेफुगवेही याच काळात निघतात. खालचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. क्रम फक्त बदलतो.

पारा चाळीसच्या खाली आला. मग एप्रिलपेक्षा जास्त का उकडतंय?

आपलं अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच ओल भरलेली असेल तर तो सुकत नाही, नुसता ओघळतो.

आकड्यांत बघा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला की तो जितका खाली उतरेल, तितकाच गारवा पाणी सुकवून मिळू शकतो. एप्रिलच्या दुपारी 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर हे ओल्या फडक्याचं तापमान साधारण 22 अंश येतं. जूनच्या संध्याकाळी 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर ते 27-28 अंश येतं. पारा आठ अंशांनी उतरला, पण घामाला जिथवर थंड करता येतं ती पातळी पाच-सहा अंशांनी वर सरकली. जीव कासावीस होतो तो यामुळे.

घरात आर्द्रता मोजायचं यंत्र नसेल तर माठ आहेच. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी सुकतं, आतलं पाणी गार होतं. ज्या दिवशी माठातलं पाणी कोमट लागायला लागलं, त्या दिवशी दुसरा उन्हाळा सुरू झाला असं समजा. माठ बदलायला कुंभाराकडे धावू नका; नवा माठही तसाच वागेल.

एप्रिलभर कूलरने साथ दिली. आता तोच लावला की अंथरूण ओलसर लागतं. पॅड बदलू का?

नको. माठाचं जे झालं तेच कूलरचं. कोरड्या दुपारी चांगला कूलर 42 अंशांची हवा 27-28 पर्यंत आणतो. दमट संध्याकाळी 34 ची जेमतेम 29 करतो, आणि त्या बदल्यात खोलीत इतकी ओल सोडतो की पंख्याखालीसुद्धा घाम वाळत नाही.

अशा वेळी कूलरची पाण्याची मोटर बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा. पॅड कोरडे होऊ द्या, नाहीतर कुबट वास धरतात. कूलर खिडकीत असेल तर समोरची खिडकी किंवा दार सताड उघडं हवं. खरं तर हे एप्रिलमध्येही हवंच असतं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारी घरं इतकी दिसतात, की कंपन्यांनी हे कूलरच्या अंगावरच रंगवायला हवं होतं.

पावसाने पुन्हा ओढ दिली आणि आठवडाभर हवा कोरडी झाली तर मोटर परत चालू करा. आपल्याकडे जूनमध्ये असं होतं. सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरात, तोवर हे चालू-बंद करत राहावं लागतं.

कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र लावले तर लवकर गार होईल ना?

होणार नाही. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी हवेतून काढत बसतो आणि त्या कामाचं बिल तुम्हाला येतं. दोन्हीपैकी एकच लावा. एसीबरोबर छताचा पंखा मंद गतीवर जरूर लावा.

खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ-साडेआठला बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघड्या. पहाटे चार ते सातचा गारवा घरात घेतला तर दुपारी दोनपर्यंत पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला ओली सोलापुरी चादर लावण्याचा जुना उपाय या काळात उत्तम: जाड सुती विणीमुळे ती पाणी धरून ठेवते. वाळ्याचा पडदा मिळाला तर आणखी छान, शिवाय वास येतो.

जूनमध्ये हे सगळं उलटं. ओली चादर काढा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालवा. धुतलेले कपडे खोलीत वाळत घालू नका. डाळ-भात शिजताना निघालेली वाफसुद्धा या दिवसांत जाणवते. कुकर सकाळीच लावून मोकळं व्हा. एसी चालू असेल तेव्हा अर्थातच सगळं बंद.

आमच्या एसीच्या पाइपातून एप्रिलमध्ये थेंबही पडत नव्हता. बिघडलाय का?

बहुधा नाही. कोरड्या हवेत एसीला काढायला पाणीच नसतं. तोच एसी जूनमध्ये बादली भरतो. उलट जूनमध्ये बाहेरच्या पाइपातून पाणी येत नसेल आणि भिंतीवरून ओघळत असेल, तर ड्रेन पाइप तुंबलाय. धूळ आणि बुळबुळीत शेवाळ मिळून तयार झालेली गाठ असते ती. बाहेरच्या टोकाला तोंडाने ओढू नका, व्हॅक्युम क्लिनर किंवा हवेचा पंप लावा. पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असलं तरी पाणी परत फिरतं, तेही बघा.

ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ओतू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात धूळ आणि कॉइलचा धातू उतरलेला असतो. फरशी पुसायला, कुंड्यांना, फार तर कूलरच्या टाकीत ताजं-ताजं घालायला ठीक.

एसी चालू आहे, हवाही येतेय, पण दुपारी खोली गार होत नाही. रात्री होते. काय बिघडलंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. एसीकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम मागितलेलं असतं.

एसीच्या खोक्यावर लिहिलेली कुवत बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्या गच्चीवर, पश्चिमेच्या भिंतीला टांगलेल्या आउटडोअरभोवती (एसीची बाहेरची पेटी) मेच्या दुपारी त्याहून कितीतरी जास्त असतं. त्या वेळी दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करत नाही. त्यात खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, म्हणजे आतला भारही वाढलेला. रात्री दोन्ही गोष्टी उतरतात आणि एसी सुधारल्यासारखा वाटतो.

पण मेकॅनिकला बोलावण्याआधी चार गोष्टी स्वतः बघून घ्या. एक, फिल्टर. सोलापूरच्या धुळीत महिन्यातून एकदा धुऊन भागत नाही; दर पंधरा दिवसांनी काढा, नळाखाली उलट्या बाजूने धुवा, सावलीत वाळवा. दोन, आउटडोअर. त्याच्यासमोर दोन-अडीच फूट मोकळं हवं. सुरक्षेसाठी लोखंडी पेटीत कोंडलेले, किंवा बाल्कनी काचेने बंद करून आतच ठेवलेले आउटडोअर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतात, मग कितीही सर्व्हिस करा. त्यावर सावली असावी, पण झाकण नसावं. तीन, आउटडोअरच्या मागची जाळी. तिथे धूळ, चिमण्यांचं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या असं काहीही सापडतं. चार, आतल्या हवेचा फरक. साधा थर्मामीटर एसीच्या वर, जिथे हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग बाहेर येणाऱ्या हवेच्या तोंडाशी धरा. 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर एसी त्याचं काम करतोय. दमट दिवसांत फरक थोडा कमी येतो. तीन-चार अंशच असेल तर मात्र माणूस बोलवा.

आउटडोअरवर दुपारी पाणी मारावं का, असंही विचारतात. बोअरचं पाणी असेल तर अजिबात नाही. त्यातले क्षार पत्र्यांवर पांढरे होऊन चिकटतात आणि वर्षभरात जाळी बुजते. धुवायचंच तर सकाळी, मेन स्विच बंद करून, नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने.

मेकॅनिक दरवर्षी म्हणतो, गॅस संपला. खरंच संपतो?

गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा गेलेला असतो. तेव्हा विचारायचा प्रश्न हा: गळती कुठे आहे? चांगला माणूस नायट्रोजन भरून दाब तपासतो, सांध्यांना साबणाचा फेस लावतो, बहुतेकदा नळीच्या नटापाशी किंवा आतल्या कॉइलला भोक सापडतं. मग व्हॅक्युम करतो आणि गॅस वजनाने भरतो. आउटडोअरच्या पट्टीवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. वजनकाटा आणलेलाच नसेल तर अंदाजपंचे चाललंय असं खुशाल समजा.

नव्या एसींत बहुतांशी आर-32 गॅस असतो. तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आत गॅस असताना नळीला गॅसबत्ती लावणाऱ्या माणसाला थांबवा, त्याला राग आला तरी.

आतल्या कॉइलवर बर्फ धरलाय.

कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड लावा, दोन-तीन तासांत वितळेल. खाली टॉवेल अंथरा. खरवडू नका, कॉइलला भोक पडतं. कारण बहुधा घाण फिल्टर किंवा घाण कॉइल, नाहीतर कमी गॅस. फिल्टर धुऊनही पुन्हा धरला तर माणूस बोलवा.

रात्री नऊ-दहाला एसीचा कंप्रेसर सुरूच होत नाही, पहाटे होतो. स्टॅबिलायझर घ्यावा का?

वेळ सांगतेय की व्होल्टेजचा प्रश्न आहे. सगळ्या गल्लीतले एसी त्याच वेळी लागतात. घरात 230 व्होल्ट यायला हवेत, दहा टक्के कमी-जास्त धरून चाला, म्हणजे 207 ते 253. शे-दीडशे रुपयांचा प्लगमध्ये लावायचा व्होल्टमीटर मिळतो. चार रात्री आकडे लिहून ठेवा.

आकडा 190-200 च्या आसपास असेल तर बऱ्याच इन्व्हर्टर एसींना (कंप्रेसरची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे एसी) स्टॅबिलायझर लागत नाही, त्यांच्या पुस्तिकेत किती ते किती व्होल्ट चालतं ते दिलेलं असतं. त्या मर्यादेबाहेर जात असेल किंवा एसी जुना, साधा असेल तर स्टॅबिलायझर घ्या. दीड टनासाठी साधारण 4 केव्हीएचा. पण स्टॅबिलायझर हे औषध तुमच्या घरापुरतं. मूळ दुखणं रोहित्रावर असतं, त्यासाठी महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. एकट्याने करण्यापेक्षा गल्लीतल्या आठ-दहा घरांनी आपापल्या ग्राहक क्रमांकावरून केली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त. आणि तुमच्या एकट्याच्याच घरात व्होल्टेज कमी असेल, तर मीटरपाशी ढिला जोड असू शकतो. तो धोकादायक आहे, आजच दाखवा.

लाईट जाऊन परत आली की एसी लगेच सुरू होत नाही, तीनेक मिनिटं थांबतो. तो बिघाड नाही, कंप्रेसरची काळजी आहे. दर मिनिटाला लाईट ये-जा करत असेल तर एसीचा एमसीबी (बोर्डातला, जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) खाली करून अर्धा तास पंख्यावर काढा.

एसी लावला की एमसीबी पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो मोठा बसवू.

त्याला नाही म्हणा. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर पुढच्या वेळी एमसीबीच्या ऐवजी वायर तापेल. दीड टनाच्या एसीला बोर्डापासून स्वतंत्र, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी असावा. पेठांतल्या जुन्या घरांत पंखे-दिव्यांच्या वायरवरच एसी जोडलेला असतो, खरं दुखणं तिथे. प्लग हाताला गरम लागत असेल तर तोही बदला.

पीसीबी जळाला म्हणाले. कशाने?

पीसीबी म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड. तो जळतो व्होल्टेजच्या उसळीने, नाहीतर पालीने. आउटडोअरच्या पेटीत ऊब असते, किडे असतात, म्हणून पाल शिरते, दोन टोकांना चिकटते आणि सर्किट शॉर्ट होतं. मुंग्या आणि उंदीरही तेच करतात. नळ्या भिंतीतून जिथे आत येतात ते भोक पुट्टीने बुजवा. आउटडोअरच्या वायरी जिथून शिरतात तिथे बारीक जाळी लावून घ्या, पण हवेची वाट अडवू नका.

खरेदीच्या वेळी ‘कंप्रेसरला 10 वर्षं वॉरंटी’ हे ठळक अक्षरांत दाखवतात. विचारायचं ते पीसीबीला किती वर्षं, कारण आपल्याकडे आधी तोच जातो. वॉरंटीत असूनही दुरुस्तीला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

किती अंशांवर ठेवावा? 16 वर लवकर गार होतं ना?

नाही. 16 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त उशिरा थांबतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू करताच 24 वर येतात; तिथून वर सरका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने दर 1 अंश वाढवण्यामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. 26-27 आणि वर मंद पंखा, एवढ्यावर बहुतेक घरांत चादर ओढावी लागते.

बिलाचा हिशेब पण मांडून बघा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सरासरी तासाला एक युनिट धरला, तर आठ तासांचे आठ, महिन्याचे 240. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. आधी दीडशे युनिट जाळणारं घर एसीमुळे 390 वर जातं, आणि 300 च्या पुढचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने येतं. 26 अंशांचा खरा फायदा तिथे दिसतो.

रिमोटवर ‘ड्राय’ म्हणून थेंबाचं चित्र आहे. ते कधी?

याच दिवसांत. रात्री 30-31 अंश पण चिकचिक असेल तेव्हा ड्राय मोडमध्ये एसी मंद वाऱ्याने हवेतली ओल काढतो, वीजही कमी घेतो. एप्रिलच्या दुपारी त्याचा उपयोग नाही, उलट आधीच कोरड्या हवेने नाक-घसा सोलवटतो.

जाता जाता: गरजेपेक्षा मोठा साधा एसी दमट हवेत वाईट. तो दहा मिनिटांत खोली गार करून थांबतो, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि तुम्ही गार पण चिकट अंथरुणात पडता. शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन पुरतो. वर तापणारा स्लॅब असेल तरच दीडकडे जा.

सर्व्हिसिंग कधी करावं? मेमध्ये कोणी फोनच उचलत नाही.

गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) आटोपली की. फेब्रुवारीत मेकॅनिक मोकळे असतात, दर बरे असतात आणि सुटे भाग मिळतात. फक्त वरून पाणी मारणारी सर्व्हिस की आतला ब्लोअर काढून धुणारी, हे आधीच ठरवा. ब्लोअरच्या पात्यांत अडकलेली काळी घाण हेच कुबट वासाचं आणि मंद वाऱ्याचं कारण असतं.

वरच्या मजल्यावर राहतो. स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता फेकतोय. एसीशिवाय काही करता येईल?

येईल, आणि एसी असला तरी आधी हेच करा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सहानंतर ते खाली सोडतो. जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास नव्हता, कारण वर हातभर मातीचा थर होता. पावसाळ्यात गळायचं ते वेगळं.

गच्ची पांढरी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चुन्याचे दोन हात किंवा बाजारात मिळणारा उष्णता परतवणारा पांढरा रंग. चुना दरवर्षी मारावा लागतो, रंग काही वर्षं टिकतो. धूळ बसली की दोन्हींचा परिणाम उतरतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये एकदा झाडून-धुऊन घ्या. दुसरा उपाय सावलीचा: स्लॅबपासून तीन-चार फूट वर हिरवी शेडनेट. नेट आणि स्लॅब यांच्यात वारा खेळला पाहिजे. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडणं कोरड्या दिवसांत काम करतं, पण नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरात ते सुचवायला जीभ रेटत नाही.

पत्र्याच्या घरात पत्र्याखाली थर्माकोल किंवा फॉइलची शीट लावली की लगेच फरक पडतो. शीट आणि पत्र्यामध्ये थोडी पोकळी ठेवा. पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकणारेही आहेत. गारवा मिळतो, पण उन्हाळ्यात एका ठिणगीचं काम, वस्तीत तर नकोच.

घरातच माग आहे / विड्या वळायचं काम आहे. पंखा लावला की कामाचा खोळंबा. काय करावं?

पूर्व भागातला हा खराखुरा प्रश्न, आणि एसीच्या जाहिरातीत याचं उत्तर नसतं. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, त्यामुळे मागाच्या खोलीत मुद्दाम ओल राखली जाते. म्हणजे जूनचा उकाडा तिथे बारा महिने. विड्यांसाठी पान भिजवलेलं लागतं आणि वाऱ्याने तंबाखू उडते.

छताचा पंखा बंद ठेवावा लागत असेल तर टेबल फॅन पाठीमागून, कमरेच्या उंचीवर, तिरका लावा. वारा सुपावर न येता पाठीला लागतो. खोलीच्या वरच्या कोपऱ्यात एक्झॉस्ट बसवा, गरम हवा तिथेच साठते. काम पहाटे पाच ते अकरा आणि संध्याकाळी असं विभागता आलं तर तोच मोठा आराम. मागाच्या शेजारच्या खोलीत एसी किंवा कूलर असेल तर सुताचे बारीक तंतू आठवड्यातच फिल्टर बुजवतात. पंधरा दिवसांची वाट पाहू नका.

ऑनलाइन दोन हजारांचा ‘मिनी एसी’ दिसतो. घ्यावा?

त्यात पाणी भरायचं असेल तर तो कूलर आहे, तोही तांब्याएवढा. नको.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात.

आत्ता प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय: दर उन्हाळ्यात यात माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. तीन पिनांचा प्लग, भिंतीत खरंखुरं अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे तिन्ही हवं. आरसीसीबी झटका बसताच क्षणार्धात वीज तोडतो. पाणी भरताना आणि पुसताना प्लग काढलेलाच असावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

टाकीचंही सांगून ठेवतो. बोअरचं पाणी सुकत जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी तळाचं पाणी काढून टाका, नाहीतर पॅड दगड होतो. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत, म्हणून नुसतं ओतून देऊन उपयोग नाही. पाण्याच्या ड्रमांनाही हेच लागू. ओतवत नसेल तर फडकं घट्ट बांधा.

ऊन लागलंय की नुसता थकवा, कसं ओळखायचं?

भरपूर घाम, डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ: सावलीत झोपवा, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट द्या. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. ताक आणि ज्वारीची आंबीलही चांगली.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग 40 अंशांच्या वर तापलं, तर तो उष्माघात आहे. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ किंवा गार पट्ट्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ असा समज आहे. दमट दिवसांत घामाने निथळणाऱ्या माणसालाही तो होतो. म्हातारी माणसं तहान लागली असं सांगत नाहीत, त्यांच्या हातात दर तासाला पेला द्या. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यातल्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

बाळाला घामोळं उठलंय.

पावडरचे थर नकोत, रंध्रं बुजतात. साध्या पाण्याने अंघोळ, सैल सुती झबलं, मंद पंखा. पू धरला किंवा ताप आला तर दवाखाना.

रात्रभर लाईट नसते तेव्हा इन्व्हर्टरवर एसी चालेल का?

घरगुती इन्व्हर्टरवर नाही. 150 अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट साठतात, त्यातलं एकाच्या थोडं वर कामाला येतं. एसी ते तासाभरात संपवेल, आणि इन्व्हर्टरला तो झेपतही नाही.

त्यापेक्षा पंखे बदला. साधा छताचा पंखा साधारण 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30-35. तीन साधे पंखे त्या बॅटरीवर चार-पाच तास निघतात, तीन बीएलडीसी जवळजवळ रात्रभर. एसीवर खर्च करण्याच्या बेतात असाल तर त्यातला थोडा आधी इथे करा.

गच्चीवर सोलर बसवलं तर लाईट गेल्यावर एसी चालेल ना?

साध्या, महावितरणच्या तारेला जोडलेल्या सोलरवर नाही चालणार. लाईट गेली की तो इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, भर दुपारी ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय असते. बॅटरीचा हायब्रिड संच घेतला तर चालतो, पण किंमत बरीच चढते. बिल मात्र दोन्हींत उतरतं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. शिवाय पॅनलखालच्या स्लॅबवर सावली पडते, त्यामुळे बसवताना पॅनल तुमच्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर येतील असं सांगा.